खिळ्यावरचा पट्टा

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही नाक मुरडाल. रंग उडालेला, कडा उसवलेल्या, गादी चपटी झालेली. मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, घड्याळाचा नव्हे, कुत्र्याच्या गळ्यातलाही नव्हे. गवत कापायचं लांब दांड्याचं मशीन तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या टोकाला नायलॉनची दोरी गरगर फिरते आणि गवत उडवते. ते मशीन खांद्याला अडकवायचा मी पट्टा. मशीनचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो, माझा कोणालाच नाही. म्हणून आज जरा बोलून घेतो.

एका कारखान्यात बायकांनी मला शिवलं. काळी जाड पट्टी, खांद्यावर टेकायला मऊ गादी, लांबी कमीजास्त करायला एक बकल आणि खाली मशीन अडकवायला लोखंडी आकडा. शिवून झाल्यावर एका वयस्क बाईंनी माझ्या आकड्याला वाळूची पिशवी टांगली, दोन झटके दिले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा पक्का आहे गं. कोणाची तरी पाठ वाचवेल." हे वाक्य ऐकून मी असा फुगलो की काय सांगू! पाठ वाचवायची, एवढ्यासाठीच आपला जन्म, हे मला त्याच दिवशी कळलं. मग आम्ही दोघं, मशीन आणि मी, एका खोक्यात बंद झालो आणि दूर गेलो.

खोकं उघडलं ते पाणी शुद्ध करणाऱ्या एका केंद्रात. तिथे तीन मोठ्या टाक्या होत्या, टाक्यांभोवती मातीचे उंच उतार आणि उतारांवर गवतच गवत. हे सगळं गवत एकटा माणूस विळ्याने कापायचा. त्याला सगळे माळीदादा म्हणत. ठेंगणा, काटक, कामाला वाघ. केंद्राच्या मागेच दोन खोल्यांत तो बायको आणि मुलीसोबत राहायचा. मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिला तो चिमणी म्हणायचा.

मशीन दाखवायला दुकानातला विक्रेता आला होता. चांगला ताडमाड माणूस. त्याने मला खांद्यावर घेतलं, बकल आपल्या मापाला सरकवलं, आकड्यात मशीन अडकवलं आणि दोन्ही हात सोडून दिले. मशीन जागच्या जागी तरंगत राहिलं. "बघा, वजन सगळं पट्ट्यावर," तो म्हणाला. "हातांनी नुसती दिशा द्यायची. वाकायचं नाव नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्याने मला काढून माळीदादाच्या हातात दिलं, माहितीची घडी घातलेली पुस्तिका दिली आणि तो निघून गेला.

घोळ इथेच झाला. विक्रेत्याच्या खांद्याशी माळीदादाचं डोकं येत होतं. माझं बकल मात्र विक्रेत्याच्या मापावरच राहिलं. माळीदादाने मला घातलं तेव्हा आकडा पार त्याच्या मांडीवर लोंबायला लागला. मशीन गुडघ्यावर आपटलं, टोक मातीत रुतलं, धुरळा उडाला. पंप चालवणारा त्याचा दोस्त दारात उभा राहून ओरडला, "अरे, हे काय? गाढवाला खोगीर घातलंय की काय?"

झाडणाऱ्या बायकाही हसल्या. माळीदादाही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. त्याने मला काढलं आणि अवजारांच्या खोलीतल्या खिळ्याला टांगलं. "असले लाड आपल्याला नकोत," तो म्हणाला. "हात आहेत की धडधाकट." पुस्तिका त्याने घडीसुद्धा न मोडता घरी नेली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

मित्रांनो, माझं बकल फक्त वीतभर वर सरकवायचं होतं. बस, एवढंच! आकडा कंबरेच्या जरा खाली आला असता की मशीन आपोआप तोललं गेलं असतं. पण पट्ट्याला आपलं बकल सरकवता येत नाही, आणि ओरडताही येत नाही.

तेव्हापासून माळीदादा ते सात किलोचं धूड हातांवर तोलून गवत कापू लागला. पुढे वाकून, कंबरेतून डावीकडे-उजवीकडे पिळून, दिवसाला चार-पाच तास. काम मात्र नंबर एक. साहेब म्हणायचे, "उतार असे दिसतात की वरून हात फिरवावासा वाटतो." सगळी वाहवा मशीनची. त्याला तेल मिळायचं, पुसणं मिळायचं, नवी दोरी मिळायची. मला काय मिळालं? कधी गवताचा भारा बांधायला काढायचे, कधी फाटक वाऱ्याने आपटू नये म्हणून दोन दिवस त्याला गुंडाळायचे. बाकी मी आणि माझा खिळा.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं म्हणतात. हे मुंगीच्या पावलाने आलं. आधी तो मशीन ठेवल्यावर कंबरेवर हात टेकायचा. मग बूट घालताना भिंतीला धरायचा. मग अवजारांच्या खोलीत कोणी नाही असं बघून जमिनीवर उताणा पडायचा आणि छताकडे बघत राहायचा. मी बरोबर त्याच्या डोक्यावर लटकलेला असायचो. मलमं झाली, शेकायच्या पिशव्या झाल्या, गोळ्या झाल्या, कोणीतरी सांगितलेली कसलीशी कडू पावडर झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याने मान जरा वर केली असती तर त्याचं औषध त्याच्या नाकासमोर टांगलेलं होतं.

चिमणी सातवीत गेली तेव्हा तिच्या दप्तराचा बंद तुटला. ती बापाला शोधत खोलीत आली आणि तिने मला पाहिलं.

"बाबा, हा पट्टा मी घेऊ दप्तराला?"

"घे की. इथे नाहीतरी कोळ्यांचं घर झालंय त्याचं."

मला किती आनंद झाला सांगू! चार वर्षांनी मला कोणीतरी खांद्यावर घेणार होतं. घरी नेऊन तिने मला दप्तराला जोडलं, पण मी तिला फार लांब होत होतो आणि बकल काही सरकेना. पोर हुशार. टेबलाखालची पुस्तिका तिला आठवली. तिने ती ओढून काढली, फुंकर मारली, घडी उलगडली. बकल कसं उलटं धरून सरकवायचं याचं चित्र तिला सापडलं आणि दोन मिनिटांत मी तिच्या मापाचा झालो.

त्याच पानावर आणखी दोन चित्रं होती. एकात माणूस ताठ उभा, पट्टा खांद्यावर, मशीन कंबरेशी. दुसऱ्यात माणूस वाकलेला, मशीन हातांवर, पाठीवर लाल रंगाची रेघ आणि चित्रावर मोठी फुली. चिमणी त्या दुसऱ्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. आतल्या खोलीत तिची आई बापाच्या कंबरेला मलम चोळत होती आणि तो "हळू गं, हळू" म्हणत होता. चिमणीने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दप्तराकडे. सकाळी शाळा होती. नवीन दप्तर सुट्टीनंतर घेऊ, असं आईने नुकतंच सांगितलं होतं.

तिने पुस्तिकेची घडी घातली आणि ती परत टेबलाच्या पायाखाली सारली.

तिला वाईट म्हणू नका, मित्रांनो. ती बारा वर्षांची होती. उद्या सांगू, असं ती स्वतःशी पुटपुटली, ते मी ऐकलं. उद्या आला, पण परीक्षा होती. मग परवा आला. सुट्टीनंतरचं दप्तर पुढच्या सुट्टीवर गेलं. दोन वर्षं मी तिच्या खांद्यावरून शाळेत गेलो. खोटं कशाला बोलू, ते माझे सुखाचे दिवस होते. तिच्या मैत्रिणी मला हात लावून म्हणायच्या, किती मऊ आहे गं! आणि त्याच वेळी तिकडे उतारावर तो माणूस रोज थोडा थोडा मोडत होता.

शेवटी नवीन दप्तर आलं. त्याच दिवशी तिने मला धुतलं, वाळवलं आणि गुपचूप नेऊन खिळ्याला टांगलं. दारात ती थोडा वेळ घुटमळली. आता सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार.  ती गेली.

ती बारावीत असताना ते झालं. कोणीतरी मोठे पाहुणे केंद्र बघायला येणार होते आणि सगळे उतार एका दिवसात साफ हवे होते. गवत कंबरेएवढं वाढलेलं. सकाळी दहाच्या सुमाराला मशीनचा आवाज एकाएकी उंच चढला आणि मग तसाच चालू राहिला, हलेना. पंपवाला धावत गेला. माळीदादा उतारावर बसला होता, मशीन शेजारी आडवं पडून भिरभिरत होतं आणि तो सांगत होता, "मला पाय सापडत नाहीये रे." पंपवाल्याने खोलीचं जुनं दार काढून नेलं आणि त्यावरून चौघांनी त्याला खाली आणलं. जाताना पंपवाला लहान मुलासारखा रडत होता.

मणका सरकून शीर दाबली गेली होती. ऑपरेशन झालं. डावा पाय मात्र पुरता परत आला नाही. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "मशीनला पट्टा नव्हता का हो?" तो म्हणाला, "होता, पण जमला नाही." त्या म्हणाल्या, "मापाला लावला असता तर बहुतेक ही वेळ आली नसती." चिमणी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. मी तिथे नव्हतो. पण त्या संध्याकाळी ती अवजारांच्या खोलीत आली, मला खिळ्यावरून काढलं आणि तोंडावर दाबून धरलं. माझी गादी भिजली. दवाखान्यातलं ते बोलणं तिने तिथेच, हुंदके देत, मला सांगितलं.

माळीदादाच्या जागी नवीन माणूस आला. त्याने पहिल्याच दिवशी दोन्ही खांद्यांवर घ्यायचा नवा पट्टा मागून घेतला. मशीन त्याच्याबरोबर गेलं. मी घरी आलो. आईने मला पलंगाच्या पायथ्याच्या दांडीला बांधलं, म्हणजे मला धरून त्याला उठून बसता येईल. असा मी त्याची पाठ उचलू लागलो. काम तेच, पण किती उशिरा!

चिमणी शिकली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली. पाच वर्षांनी एकदा सुट्टीवर आली असताना, दुपारी आई बाजारात गेलेली पाहून ती बापाच्या पायाशी बसली. तिची नजर माझ्यावर होती.

"बाबा, एक सांगायचंय. मला हे माहीत होतं."

"काय?"

"पट्टा कसा लावायचा ते. सातवीत असताना मी ते चित्र पाहिलं होतं. वाकलेल्या माणसावर फुली होती. तो अगदी तुमच्यासारखा होता. मी सांगितलं नाही. मला दप्तराला पट्टा हवा होता." एवढं बोलून तिला जो उमाळा आला, तो काही केल्या थांबेना.

 माळीदादाचा हात माझ्यावर होता आणि ती मूठ घट्ट आवळली गेली. मग त्याने ती सैल केली आणि तो चक्क हसला.

"एवढंच? अगं वेडाबाई, ती पुस्तिका टेबलाखाली कोणी घातली होती? मीच ना? चित्रं बघूनच घातली होती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं सगळं."

"खरं?"

"खरं म्हणजे? पण खोगीर घालून गाढव कोण होणार? तुझा बाप हट्टी, दुसरं काय. तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं. पूस बघू डोळे."

ती रडता रडता हसली. दहा वर्षांचं ओझं उतरल्यासारखी ती उठली, तोंड धुऊन आली, बापाला चहा करून दिला. चारच्या गाडीने ती गेली तेव्हा फाटकापर्यंत तिचं गाणं गुणगुणणं ऐकू येत होतं.

फाटक लागल्याचा आवाज आला. माळीदादाने उठण्यासाठी मला धरलं, पण ओढलं नाही. त्याने पुढे झुकून माझ्या गादीवर कपाळ टेकलं.

"सांगायचं होतंस गं, चिमणे," तो म्हणाला. "मी घातला असता."

मित्रांनो, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आज तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही लहान आहात आणि तुमचं अजून कोणाशी बोलायचं राहून गेलेलं असेल. घरात कोणी वाकून काम करत असेल आणि तुम्हाला त्याच्या फायद्याचं काही ठाऊक असेल, तर ते आजच सांगा. तो हसेल, रागावेल, ऐकणारही नाही कदाचित. तरी सांगा.