गप्प बसायची खुर्ची

या वर्गात मला 'गप्प बसायची खुर्ची' म्हणतात. आज मात्र मीच बोलतेय, आणि मध्ये कुणी तोंड घालायचं नाही.

मी काही बड्या घरची नव्हे. एका सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला जोडलं. दोन्ही हात झकास बसवले, पण मागचा डावा पाय नखभर आखूड ठेवला. पहिल्यांदा मी विद्यापीठाच्या कचेरीत लागले. तिथल्या हेडक्लार्कला माझी टक टक सहन होईना. "ही खुर्ची आहे की सुतारपक्षी?" म्हणत त्याने मला व्हरांड्यात काढलं. तिथे धूळ खात पडले होते, तेव्हा मॅडमनी मला आत घेतलं.

मॅडम इथे एम.ए.च्या मुलांना सर्जनशील लेखन शिकवतात. "असं लिहायला शिकवता येतं का हो?" असं कुणी विचारलं, की म्हणतात, "लिहायला माहीत नाही, ऐकून घ्यायला नक्की येतं." त्यातूनच त्यांचा नियम निघाला. ज्याच्या लेखनावर चर्चा, त्याने माझ्यात बसायचं आणि चर्चा संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. "मला तसं म्हणायचं नव्हतं," एवढंसुद्धा नाही.

तोंड बंद केलं की माणसाचं अंग बोलायला लागतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आमचा कवी माझ्या हाताचं पॉलिश नखाने खरवडतो. ज्याची कादंबरी गेलं वर्षभर 'जवळजवळ सुरू झालीच' आहे, तो कादंबरीवाला शिंप्यासारखा पाय हलवत राहतो. एखादी ओळ कुणाला आवडली, की बसलेल्याची पाठ कशी सैल पडते! फार जीव आहे माझा या सगळ्यांवर.

त्यातही सगळ्यात लाडकी काकू. पंचेचाळिशी ओलांडलेली, नोकरी सांभाळून शिकायला आलेली. वर्गातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिला काकू करून टाकलं. तिचे वडील, अण्णा, न्हावी. कात्रीपेक्षा जीभ जास्त चालायची, असं तीच सांगायची. पण झटका आला आणि त्यांची वाचा गेली. ऐकू येतं, सगळं कळतं, शब्द मात्र फुटत नाही.

"घरातून त्यांचा आवाज गेलाय, मॅडम," ती म्हणाली होती. "माझ्या कानातूनही जायच्या आत मला तो लिहून ठेवायचाय."

तिची पहिली कथा म्हणजे नुसतं अण्णांचं बोलणं. शेंडा ना बुडखा, एका गोष्टीतून दुसरी. शिवाय त्यांचं तत्त्व होतं: "गोष्ट सुरू करावी ती दाढी अर्धी झाल्यावर. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक पळत नाही!" काकू हसत हसत वाचत होती आणि खाली माझी टक टक चालली होती.

मग चर्चा झाली.

"फार बोलतो हा माणूस."

"विनोदाने दुःख पातळ होतंय, काकू."

"एवढी गिऱ्हाइकं कशाला? सरळ दवाखान्यापासून सुरू करा ना."

पोरं वाईट नव्हती, मनापासून सांगत होती. काकूने घरी जाऊन या वर्गातलाच माणूस करू जाणे अशी घोडचूक केली: तिने सगळ्यांचं ऐकलं. एकाच्या सांगण्यावरून गिऱ्हाइकं गेली, दुसऱ्याच्या सांगण्यावरून दाढी. उरली एक खाट, एक खिडकी आणि एक गप्प म्हातारा.

ही नवी कथा ऐकून सगळे "वा!" म्हणाले. कवीने तर डोळे पुसले. काकू माझ्यात बसली होती, पण मी एकदाही वाजले नाही.

"चर्चा संपली, आता बोला," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला आवडलीय का ही?"

"मार्क चांगले पडतील," काकू म्हणाली.

वर्षाच्या शेवटी घरच्यांना बोलावून वाचन करायची इथे रीत आहे. अण्णा आले, लेकीचा हात धरून. हात असलेली खुर्ची मी एकटीच, म्हणून त्यांना माझ्यात बसवलं. जन्मभर दुसऱ्यांना खुर्चीत बसवत आलेला माणूस तो. बसण्याआधी त्यांनी माझी पाठ चाचपून पाहिली.

काकू वाचू लागली. खाट, खिडकी, गप्प म्हातारा. अण्णा मान खाली घालून ऐकत राहिले. अंगाने काडी झालेले बिचारे, पण इतकं जड माझ्यात कधी कुणी बसलं नव्हतं.

काकूने वर पाहिलं. त्यांची ती खाली गेलेली मान पाहिली आणि हातातले कागद टेबलावर पालथे घातले.

"माफ करा," ती म्हणाली. "कथा बरी आहे, पण हे माझे अण्णा नाहीत."

मग तिने दोन बोटांची कात्री केली आणि आवाजच बदलला. "मान खाली, साहेब! आणखी खाली! अहो, घाबरता काय? तुमच्या मेहुण्याचं डोकं माझ्याच हाताखालून गेलंय..."

टक! अण्णांनी मागे रेलून माझा आखूड पाय असा दाबला की अख्खा वर्ग दचकला.

"बरं बाबा, मेहुण्याचं नाही," काकू म्हणाली. "साडूचं!"

टक टक. आता बरोबर.

मग काय विचारता! काकू बोलतेय, कादंबरीवाला पोट धरून हसतोय, आणि अण्णांचे खांदे हलताहेत, डोळे वाहताहेत. चुकलं की एक टक, जमलं की दोन. काकू रडत रडत हसत होती, पण थांबली नाही. त्या दिवशी बापलेक दोघं मिळून गोष्ट सांगत होते. मला जन्माला घातल्याचं सार्थक झालं.

मार्क किती पडले, मला माहीत नाही. माझे हात आता खिळखिळे झालेत, आणि उद्या सुतार यायचा आहे. बाबा रे, हात घट्ट कर, पॉलिश कर, हवं तर पाठ बदल. पण तो आखूड पाय तेवढा तसाच राहू दे. अण्णा पुन्हा यायचे आहेत, आणि गोष्ट अजून अर्ध्या दाढीवरच आहे.