आतून तपकिरी

"काका, ठसा बसत नाही हो याच्यावर!" खोगीर बनवणाऱ्याने चामड्याचा तुकडा काकांपुढे टाकला. "दाबलं की पुन्हा जैसे थे. हे झाडाच्या सालीत कमावलेलं नाही. क्रोमचं आहे."

काकांचा पारा चढला. त्यांचा उभा जन्म सालीच्या हौदांवर गेला होता. कातडं महिनोन्‌महिने सालीच्या पाण्यात मुरायचं, तेव्हा कुठे टणक व्हायचं, नक्षी धरायचं. शेजारच्या शेडमध्ये त्यांचा मुलगा क्रोमच्या रसायनाच्या पिंपातून दिवसभरात मऊसूत कातडी काढायचा. काका त्या शेडला 'लाँड्री' म्हणायचे.

"माझ्या हौदातलं आहे हे! कापून दाखवतो. आतून तपकिरी निघालं नाही तर विचार!"

"बाबा, कापू नका," मुलगा मागून म्हणाला.

पण सुरी फिरली होती. वरून तपकिरी, आणि आत क्रोमची निळसर राखाडी पट्टी. काकांना धक्काच बसला. ते मुलाकडे वळले.

"रंगवून दिलंस? माझ्या नावावर? बापाच्या तोंडाला काळं फासलंस!"

मुलगा दोघांना भिंतीमागे घेऊन गेला. त्याने ताडपत्री उचलली आणि खोगीरवाला नाक दाबून मागेच सरला. खाली कातडी पडली होती. बोट लावलं की लिबलिबीत होऊन फाटत होती.

"तुमच्या हौदातली. पाण्याचा कस कधी उतरला, नवी साल कधी घालायची, हे तुम्ही वासावर ठरवता. सगळी खेप सडली, बाबा. मला सांगवेना."

काका वाकले. कातड्याला नाक टेकवून त्यांनी खोल श्वास घेतला. मग आणखी एक. घरी त्यांच्यासमोर दूध करपायचं आणि बायको ओरडायची, "नाक आहे की नुसती शोभा?" ते हसण्यावारी न्यायचे. आता त्यांना ते आठवलं.

"वास येतोय याला?" त्यांनी विचारलं.

खोगीरवाल्याने अजून नाक सोडलं नव्हतं. तो खाली बघू लागला.

"पट्ट्यांना पोराचा माल ने," काका त्याला म्हणाले. "पावसापाण्यात चांगला टिकेल. नक्षीसाठी दुसरीकडे बघ. माझ्याकडे सध्या नाही."

तो गेल्यावर काका हौदाशी आले. रोजच्यासारखा हात बुडवून त्यांनी ओंजळ नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली. मग ती मुलापुढे केली.

"सांग. सालीचा वास येतोय का?"

मुलगा वाकला आणि बापाच्या ओंजळीतलं पाणी हुंगू लागला.