मामाचा आवाज आणि बंडल

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि मधल्या मजल्यांवर अडकलेल्या माणसांचे किस्से त्याच्याकडे पोत्याने होते. निवृत्त होऊन तो मामीसकट मुलीकडे, परदेशात निघाला होता. त्याआधी त्याचा पॉडकास्ट करायचा, असं मी ठरवलं. अडलं होतं माइकवर. नुसता माइक घ्यावा, की बंडल?

बंडलमध्ये माइक, टेबलाला लावायचा हात, फोमची टोपी, तोंडासमोरची जाळी आणि हेडफोन.

"हात आहे, टोपी आहे," मामी म्हणाली. "पायांची जोडी मिळते का बघ. मग यांना घरीच ठेवू, त्यालाच नेऊ."

"जाळीची गरज काय?" मामाने विचारलं.

"तुम्ही जोरात बोलता. हवा माइकवर आदळते," मी म्हणालो.

हे तपासणं भाग होतं. मी मामासमोर मेणबत्ती पेटवली आणि म्हणालो, सांगा एखादा किस्सा. त्याने ट्रंपेटवाल्याचा सांगितला. गडी लिफ्टमध्ये अडकला, ओरडून घसा बसला, म्हणून ट्रंपेट वाजवायला लागला. वरच्या मजल्यावरच्यांना वाटलं रियाज चाललाय; त्यांनी दारातून फर्माइशी केल्या. गडी एवढा हाडाचा कलाकार, की मामाने दार उघडलं तर म्हणाला, थांबा, अंतरा राहिलाय. मामी हसता हसता खुर्चीवरून घसरली. मेणबत्ती विझली. जाळी हवीच.

पुढच्या संध्याकाळी हाताची चाचणी. मी झाडूच्या दांड्याला माइकऐवजी डाव बांधून धरला. दोन कपाटांमध्ये अडकलेल्या हमालाच्या गोष्टीत मामाने हातवारे करून डाव पाडला. हात हवाच. फोमच्या टोपीसाठी पायमोजा लावून पाहिला, त्यातही एक किस्सा गेला. असे आम्ही रोज बसायचो. फोन समोर टेबलावरच असायचा. त्यावर मी बंडलांचे भाव बघायचो.

"फोनवरच कर की रेकॉर्ड," मामी एकदा म्हणाली.

"मामी, फोनवर?" मी असा दचकलो, जणू तिने मामाला जिन्याने जायला सांगितलं.

शेवटी बंडल आलं. घरात तोवर फक्त खोकी उरली होती. मी हात लावला, टोपी घातली, जाळी बसवली, हेडफोन चढवले.

"मामा, ट्रंपेटवाला."

"तो सांगितला की तुला."

"परत सांगा."

"चालू झालेली लिफ्ट मी परत खोलत नाही रे."

"माझ्यासाठी."

त्याने खरंच प्रयत्न केला. खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला. "लिफ्ट बंद पडली. आत एक वाजवणारा होता. त्याला काढला."

"आणि फर्माइशी?"

"हो, केल्या लोकांनी." तो खोक्यांकडे बघत होता. "रिले जळला होता. बदलला."

मी हमालाचं विचारलं. कपाटं जड होती, म्हणाला.

"नवीन एखादा?"

त्याने दाढीवरून हात फिरवला. "नाही रे बाळा. संपले."

हेडफोनमध्ये आवाज अप्रतिम येत होता. मामाचा श्वास, दाढीवरून फिरणारा हात, आतून मामीने मागितलेली चिकटपट्टी, सगळं लख्ख.

"झालं का?" मामाने हळूच विचारलं. मी मान डोलावली, पण बंद करायचं बटण दाबलं नाही. तो उठून मामीला पट्टी द्यायला गेला आणि मी त्याची पावलं रेकॉर्ड करत बसलो.