फिल्टरमधले शिंपले

मायालेनने फिल्टरचा डबा वाइसच्या जबड्यात आवळला आणि पाइप कापायचं चाक त्याच्या कडेभोवती हळूहळू फिरवलं. करवतीनेही डबा उघडला असता, पण करवतीचा कीस आत पडतो, आणि मग आतलं कुठलं नि बाहेरचं कुठलं ते सांगता येत नाही.

“लोक जुना फिल्टर काढतात आणि कचऱ्यात टाकतात,” पिंपावर बसून पाव-चीज खात मात्तिनकाका म्हणाले. “आमच्याकडे त्याचं शवविच्छेदन होतं.”

“काका, तुम्ही जेवा.”

“जेवतोय की. मयताचं नाव तेवढं सांग.”

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच ते टोचलं. पावाचा तुकडा त्यांनी पुन्हा कागदात गुंडाळला. या गाडीशेजारी बसून असं बोलायचं नसतं, हे त्यांना मायालेनपेक्षा जास्त ठाऊक होतं.

गाडी मायालेनच्या वडिलांची, बेत्तिरींची होती. अडीच वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या शेवटी, ते डोंगरावरच्या मेंढपाळाला सामान पोचवून परत निघाले आणि घरी आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची डिझेल पिकअप खिंडीच्या माथ्यावर सापडली. बॉनेट वर, किल्ली आत, रेडिएटर काठोकाठ भरलेला. शेजारी रस्त्याच्या कडेला रेडिएटरच्या पाण्याचा ड्रम असतो, तो मात्र कोरडा. त्या चढावर कुणाची ना कुणाची गाडी उकळतेच, म्हणून आसपासच्या रँचवाल्यांनी तो ठेवलाय. ज्याने पाणी घेतलं त्याने तो पुन्हा भरून ठेवायचा, एवढाच त्याचा कायदा.

ड्रम रिकामा, रेडिएटर भरलेला. शोधायला आलेल्यांचं गणित तिथेच सुटलं. गाडी उकळली, बेत्तिरींनी ड्रममधलं पाणी ओतलं, तरी ती चालू होईना, म्हणून ते उत्तरेच्या रँचकडे पायी निघाले आणि रात्रीच्या बर्फात अडकले. अकरा दिवस सगळ्यांनी मिळून उत्तरेचा रस्ता, ओढे, कपारी पालथ्या घातल्या. हाती काही लागलं नाही. मात्तिनकाका गाडी आणायला गेले तेव्हा ती पहिल्याच किल्लीला सुरू झाली. मग भाऊ पायी का गेला, हे कोडं काकांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

आई पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती. “बेत्तिरी ड्रम रिकामा ठेवून जायचा नाही.” लोक मान डोलवायचे. नवरा हरवलेली बाई काहीतरी बोलणारच.

अडीच वर्षं तिने गाडीला कुणाला हात लावू दिला नाही. या मे महिन्यात मात्र ती स्वतः शेडमध्ये आली आणि किल्ली मायालेनच्या तळहातावर ठेवली. जूनमध्ये मेंढपाळाचं चाकांवरचं घर खिंडीपलीकडच्या कुरणात ओढून न्यायचं होतं आणि दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला होता.

“दुरुस्त कर,” आई म्हणाली. “आणि जमलं तर तो कुठे आहे ते शोध. त्याच्या नावाचा दगड बसवायला जागा नाही मला. चर्चमागच्या रिकाम्या मातीवर फुलं ठेवायला मी वेडी नाही.”

गाडीचं इंजिन आधी चांगलं म्हणून आणि नंतर खोडसाळ म्हणून गाजलेलं. त्याचं एक जुनं दुखणं सगळ्यांना माहीत होतं. लोखंड ओतताना पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून साच्यात वाळू भरतात. ती वाळू पूर्ण निघत नाही. वर्षानुवर्षं एकेक कण सुटतो आणि ऑइल कूलरच्या केसाएवढ्या फटींत जाऊन बसतो. मग तेल तापत जातं आणि पाणी मात्र निवांत असतं. दोहोंत आठ अंशांचा फरक पडला की समजायचं, कूलर तुंबला. मायालेनने रिनोच्या विद्यापीठात तळ्यांच्या गाळाचा अभ्यास केला होता, त्यामुळे वाळूचं हे प्रकरण तिला फार आवडायचं. ती सेल्सियसमध्ये मोजायची आणि काका त्याला ‘शाळेतले अंश’ म्हणायचे.

दोघांनी तीन आठवडे खपून गाडीची पाण्याची बाजू नव्याने उभी केली. प्लॅस्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर काढून अख्खा ॲल्युमिनियमचा बसवला. पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचा क्लच बदलला, सगळे होज पाइप नवे घातले. ऑइल कूलर बाहेर आणून मोठा केला. वाळू अडवायला पाण्याच्या वाटेवर वेगळा फिल्टर टाकला. जुनं पाणी काढलं तेव्हा ते गढूळ पांढरट निघालं. मग इंजिन डिस्टिल्ड पाण्याने पाच वेळा धुतलं. पाचव्या वेळी निघालेलं पाणी मायालेनने काचेच्या बरणीत रात्रभर ठेवलं होतं. तळाशी काहीही बसलं नाही.

साठ मैल चालवून तिने पहिला फिल्टर कापला. आत वाळू होती, गोल, एकसारखी, साच्याचीच. आणि तिच्यात सात शिंपले. खसखशीएवढे, दोन झडपांचे, तळ्यात राहणाऱ्या एका बारीक जिवाचे.

“राहिले असतील कुठेतरी कोपऱ्यात,” काका तेव्हा म्हणाले होते. तिलाही तसंच वाटलं होतं.

धुतलेल्या वस्तूतून निघणारा मळ दर वेळी कमी होत जातो. दुसऱ्या फिल्टरमध्ये शिंपले एकतीस निघाले.

हा तिसरा. तिने कागदाची घडी बशीत उलगडली, भिंग डोळ्याला लावलं आणि सुईच्या टोकाने मोजायला लागली. शंभरानंतर थांबली.

“काय गं?”

“वाढलेत.”

“वाढतील कसे? आत काय शेती आहे?”

“हा बघा.” तिने भिंग त्यांच्याकडे सरकवलं. “हा जीव मेला की बिजागरी कुजते आणि दोन झडपा सुट्या होतात. पहिले सातही सुटे होते. हे मिटलेले आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे मेले ते नुकतेच.”

काकांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. गाडीतलं पाणी चालताना नव्वदला पोचतं. त्यात मिनिटभरही काही जगत नाही. दोघांनाही हे माहीत होतं. शेडच्या पत्र्यावर वारा वाजत होता.

“ड्रमच्या पाण्यात असले किडे असतील,” काका शेवटी म्हणाले.

“ड्रम गावच्या नळाने भरतात. मी कालच जाऊन त्यातली बाटली भरून आणली. एकही नाही.” मायालेनने सुई खाली ठेवली. “काका, बाबांनी रेडिएटरमध्ये ओतलेलं पाणी ड्रममधलं नव्हतं.”

काका पिंपावरून उठले. एक हात बॉनेटवर टेकवून तसेच उभे राहिले.

“मग ड्रम कुणी रिकामा केला?”

“त्यांच्या आधीच कुणीतरी. घेतलं आणि भरलं नाही. बाबा आले तेव्हा तो कोरडाच होता. ते दुसरीकडून पाणी घेऊन आले, रेडिएटर भरला. गाडी ठीक झाली. बॉनेट लावून निघायचं राहिलं होतं फक्त.”

“मग निघाला का नाही, गाढव?” काकांचा आवाज चिरकला. आणि पुढचं त्यांना आपोआप कळलं. ते तिच्याकडे वळले. “ड्रम.”

“हो.”

“दुसऱ्या खेपेला गेला तो. ड्रम भरायला.”

मायालेनने होकाराने मान हलवली. गाडीत नेहमी दोन लोखंडी कॅन असत. सापडली तेव्हा एकही नव्हता. पायी जाताना प्यायला नेले असतील, असं तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं. वीस-वीस लिटरचे दोन कॅन प्यायला कोण नेतो, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

“खिंडीच्या आसपास ऑक्टोबरात वाहतं पाणी कुठे असतं?” तिने विचारलं.

“नसतं.” काका थांबले. “गंधकाचा झरा आहे. पश्चिमेला, कुंपणापलीकडे, मैलभर खाली. आम्ही दोघं लहानपणी जायचो. मेंढ्यांना नेत नाही आम्ही तिकडे, जमीन खोटी आहे. तिकडे कुणी पाहिलंच नाही गं. सगळे उत्तरेला.”

दुपारी दोघं निघाले. मागे चाकांवरचं घर जोडलेलंच होतं; सोडवायला काका थांबले नाहीत. चढ लागला तशी मायालेनने डॅशबोर्डवरच्या छोट्या पडद्यावर दोन्ही आकडे लावले, एक तेलाचा आणि एक पाण्याचा. मागे दोन टन ओझं असताना नव्या गाडीतसुद्धा दोहोंत तीन-चार अंशांचा फरक राहतोच. इथे दोन्ही अठ्ठ्याऐंशीवर होते.

“छान काम झालंय,” काका म्हणाले.

“इतकं छान होत नाही.”

माथ्यावर त्यांनी घर सोडवलं आणि कुंपणाचं फाटक उघडून जुन्या चाकोरीने उताराला लागले. आकडे उतरायला लागले. उतारावर ते उतरतातच. पण थर्मोस्टॅट ऐंशीच्या खाली वाट बंद करतो, मग पाणी इंजिनमध्येच फिरतं आणि गरम राहतं. आकडे ऐंशीवर थांबले नाहीत. सत्तर. साठ. पाण्याची ऊब ओढणारा हीटर काकांनी न विचारता बंद केला, तरी तेल-पाणी सोबतच खाली येत राहिलं.

“थर्मोस्टॅट अडकला असेल,” काका म्हणाले.

“तेलाला थर्मोस्टॅट नाही, काका.”

झऱ्याच्या काठाशी तिने इंजिन बंद केलं आणि किल्ली तेवढी अर्धी फिरलेली ठेवली. दोन्ही आकडे चव्वेचाळीसवर होते.

झरा म्हणजे घराएवढं डबकं. मध्ये निळं, काठाला पांढरं. पांढरा थर काठापासून आत दहा-बारा पावलं पसरला होता, बर्फासारखा गुळगुळीत. मेंढीचा एक खूरही त्यावर उठलेला नव्हता. पक्षी नव्हता. वाफ सरळ वर जात होती, वारा असूनही.

कॅन आधी काकांना दिसला. घट्ट मातीवर, झाकण लावून, सरळ उभा. त्यांनी कडी धरून उचलला आणि त्यांचा हात ताणला गेला.

“भरलेला आहे,” ते म्हणाले. मग दुसरा तळहात लोखंडावर ठेवला आणि लगेच काढून घेतला. “गरम आहे, पोरी.”

आकाश सकाळपासून ढगांनी झाकलेलं होतं.

कॅनपासून चार पावलांवर पांढऱ्या थराला एक गोल डाग होता, बाकीच्यापेक्षा पातळ, आतून निळसर दिसणारा. फुटून पुन्हा साकळलेला. त्याच्या कडेला दुसऱ्या कॅनची कडी थरातून वर आलेली होती, मुठीएवढी.

काका चालायला लागले.

“थांबा,” मायालेन म्हणाली. “ती जमीन नाही.”

“भाऊ आहे माझा.”

“काका, त्यांनाही ती जमीनच वाटली होती.”

ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या हातातली मेंढपाळाची काठी घेऊन थरावर टेकवली. जोर न लावता ती पापडातून जावी तशी आत गेली. दोन हात, तीन हात, आणि तळ लागला नाही. काठी बाहेर आली तेव्हा टोकाला पांढरा गाळ होता. त्यात ते होते, खसखशीएवढे, मिटलेले, आणि काही अजून हलत होते.

काका तिथेच मातीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

मायालेनने काठावरच्या पाण्यात थर्मामीटर सोडला, दोनदा वाचला आणि पुसून ठेवला. मग शेरीफच्या माणसांना कळवायला गाडीच्या टपावर चढली, तिथेच फोनला रेंज होती. चढताना काचेतून पडदा दिसला. इंजिन बंद होऊन तास होत आला होता, गार वारा बॉनेटवरून वाहत होता, आणि आकडे जागचे हलले नव्हते.

शेरीफच्या माणसांना तिने जागा नीट सांगितली, दोर आणि फळ्या आणायला सांगितल्या. मग घरी फोन लावला.

“सापडला,” आई म्हणाली. विचारल्यासारखं नाही.

“हो.”

“ड्रम भरायला गेला होता.”

“हो, आई. गंधकाच्या झऱ्यावर. वर आणता येईल का, ते आत्ता नाही सांगता येत. पण जागा ही आहे. दगड इथे काठावर बसवता येईल, काठाची माती पक्की आहे.”

पलीकडून आईने विचारलं, “पाणी कसं आहे तिथलं? थंड आहे?”

“चव्वेचाळीस,” मायालेन म्हणाली. मग तिला तो आकडा आईसाठी फोडून सांगावासा वाटला. “आंघोळीच्या पाण्याहून थोडं जास्त ऊन.”

“बरं झालं,” आई म्हणाली. “अडीच वर्षं मी त्याच्या खोलीतली शेगडी विझू दिली नव्हती. उन्हाळ्यातसुद्धा.”

फोनमध्ये तिची पावलं ऐकू आली, मग लोखंडी झडप बंद केल्याचा आवाज.