स्तुतीवर स्तुती

टमाले शहराच्या बाजारातला वुंपिनीचा गाळा सकाळीच सील झाला. शिया नावाच्या झाडाच्या बियांपासून काढलेलं तिचं लोणी डब्यांत होतं आणि डब्यांवर सरकारी चिकटपट्टी. ते विकलं गेलं नाही तर पुढच्या हंगामाच्या बिया आणायच्या कशातून? तिनं ढोलवादक झकालीकाकांना निरोप धाडला.

तिच्या लोण्याची जाहिरात काकांनीच केली होती. राजांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची थोरवी ढोलावर गाणारं त्यांचं घराणं. हातचं राखून बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. हे लोणी चोळलेल्या टाचेवरून सरडा घसरतो. लोहाराच्या बायकोनं ते लावलं, तर नवऱ्यानं तिलाच नाव विचारून मागणी घातली. भाजलेल्यावर लावा, रात्रीत कातडी भरून येते.

ही शेवटची ओळ वुंपिनीला तेव्हाच खटकली होती. आजी भाजल्यावर लोणी लावायची, एवढंच ती काकांना बोलली होती. ‘रात्रीत’ काकांनी घातलं. पण गिऱ्हाईक वाढलं आणि ती गप्प राहिली.

दुपारी ग्राहक कार्यालयातल्या अदिसाबाई आल्या. काका सरड्याची बाजू मांडायला सरसावले.

“सरडा राहू द्या, काका. माझ्या टाचेवरून अजून एकही घसरला नाही. मी केली का तक्रार?” बाई म्हणाल्या.

शेजारच्या गाळ्यांतल्या बायका हसल्या. वुंपिनीला हसू आलं नाही.

तक्रार एका आईची होती. उकळत्या लापशीनं मुलीचा हात भाजला, आईनं त्यावर लोणी चोपडलं आणि सकाळची वाट पाहत बसली.

“मुलगी कशी आहे?” वुंपिनीनं विचारलं.

“बरी आहे. सकाळी फोड बघून आईनं दवाखान्यात नेलं. डागही राहणार नाही म्हणतात.”

ती ओळ खरी नाही हे आपल्याला ठाऊक होतं, हे वुंपिनीनं बाईंना सांगून टाकलं.

बाईंनी अट घातली. येत्या बाजारच्या दिवशी, याच जागी, तितक्याच मोठ्यानं ती ओळ मागे घ्यायची. मगच सील निघेल.

काका ताठ झाले. “ढोलावर चढवलेली स्तुती उतरवत नाहीत, बाई. राजा गादीवरून गेला तरी नाही.”

“मग गाळा बंद.”

काका ढोलाच्या दोऱ्या चाचपत बसले. त्यांच्याकडे पाहता पाहता वुंपिनीला सुचलं.

“काका, उतरवू नका. तिच्यावर दुसरी चढवा. दवाखान्यातल्या नर्सबाईंची.”

बाजारच्या दिवशी काकांनी ढोल बगलेत दाबून वाजवत गायला सुरुवात केली. भाजलं तर आधी गार पाणी, मग थेट नर्सबाई. लोण्यानं रात्रीत काही भरून येत नाही. नर्सबाईंची चाहूल लागली तरी आग चुलीत लपते. लोणी टाचेला, टाचेपुरतंच. सरडा मात्र या वेळी दोनदा घसरला.

चुलीतल्या आगीची ओळ आली तेव्हा वुंपिनीनं धास्तावून अदिसाबाईंकडे पाहिलं. बाई नखानं चिकटपट्टीची कड सोडवत होत्या.

वुंपिनीनं पहिला डबा उघडला. बंद गाळ्यातल्या उकाड्यानं लोण्याचं तेल झालं होतं. वास मात्र तोच होता. संध्याकाळच्या गारव्यात ते पुन्हा घट्ट होणार होतं.