शंभर टक्के नोकरीचा चमत्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे लोक टाचा उंचावून बघत होते आणि मंचावर कॉलेजचे संचालक डोळे मिटून उभे होते. मी दातांचा डॉक्टर. उघडी तोंडं रोज बघतो, पण एका वेळी इतकी पहिल्यांदाच पाहिली.

"आमच्याकडे नोकरी शोधावी लागत नाही," संचालकांनी डोळे उघडले. "नोकरीच विद्यार्थ्याला शोधत येते. शंभर टक्के."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी बहीणही वाजवत होती. शिवणकामाचं दुकान विकून ती भाचीची इथली फी भरणार होती. घराजवळच्या दुसऱ्या खाजगी कॉलेजची फी याच्या निम्मी. पण तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं होतं, की निम्म्या मुलांना लगेच नोकरी लागते, बाकीच्यांना खटपट करावी लागते. या खरेपणामुळेच ते कॉलेज बहिणीच्या मनातून उतरलं होतं.

"शंभर टक्के म्हणजे एकही नापास नाही, एकही आजारी नाही?" मी कुजबुजलो. "माझ्याकडे दात काढायला आलेलेसुद्धा शंभर टक्के थांबत नाहीत. काही खुर्ची बघूनच पळतात."

"दादा, तुझं आपलं नेहमीचंच."

मग कॉलेजचा माजी विद्यार्थी मंचावर आला. सुटाबुटात.

"खांदे उतरलेत. कोट उसना आहे," बहीण सवयीने पुटपुटली, आणि तरीही भक्तिभावाने ऐकू लागली. उसना कोट दिसतो, उसनं यश दिसत नाही. मला तिचा रागच आला.

"निकाल लागला आणि मोठ्या कंपनीत रुजू झालो," तो माईकमध्ये म्हणाला आणि सवयीने पहिल्या रांगेतल्या एका आईकडे वळला. "ताई, अगदी निश्चिंत राहा. सीट तुमचीच आहे."

बहिणीशेजारी बसलेल्या भाचीने झटकन मान वर केली. "मामा, रोज संध्याकाळी आईला फोन येतो ना, त्यातलंच वाक्य. आवाजही तोच."

तिने तो नंबर 'डोकेदुखी' या नावाने जपून ठेवला होता. तिने तो लावला. मंचावर कोटाच्या खिशात फोन वाजला. बिचाऱ्याने सवयीने उचलला.

"नमस्कार, प्रवेश विभाग," माईकमधून सगळ्या सभागृहाने ऐकलं.

भाची उभी राहिली. "तुमची मोठी कंपनी कोणती?"

"प्रश्न शेवटी," संचालक म्हणाले.

"शेवटी म्हणजे फी भरल्यावर का?" मागून कुणीतरी म्हणालं.

मुलाने कोटाची बाही ओढली. "हीच. कॉलेजची फोनची खोली. ज्याला बाहेर काही मिळत नाही, त्याला इथे बसवतात आणि नोकरी लागली म्हणून मोजतात. प्रवेश संपले, की आमचं कामही संपतं." मग खाली बघत म्हणाला, "मी शिकायला यायच्या आधी या जागी दुसरा होता. त्याला बघूनच बाबांनी घर गहाण टाकलं."

टाळ्या वाजवणारे हात कुठे ठेवावेत, ते लोकांना कळेना.

चमत्काराची कळ एवढीच होती. म्हणून कॉलेज निवडताना टक्के ऐकून माना डोलवू नका. नोकरी कुणी दिली, काम काय, पगार किती आणि वर्षाने ती टिकली का, हे विचारा. त्या पगारात फी कधी भरून निघेल, तेही विचारा. विचारण्यात कसली लाज?

बहिणीने दुकान राखलं. भाची घराजवळच्या कॉलेजात जाणार हे ठरलं, त्याच संध्याकाळी 'डोकेदुखी'चा फोन आला. नंबर जुना, आवाज नवा, एका मुलीचा.

"ताई, अगदी निश्चिंत राहा..."

"तुमची नोकरी कधीपर्यंत आहे?" भाचीने हळूच विचारलं.

पलीकडची मुलगी कागदावरचं पुढचं वाक्य वाचू लागली, "सीट तुमचीच आहे."