विहिरीत टाकलेला म्हसोबा

"तुमचा विहार तुझ्या बापानंच विहिरीत ढकललाय, गये. आता कशाला हुडकतेस?" माई सगळ्यांसमोर म्हणाल्या.

पालेगावच्या टेकाडावरून भांडण पेटलं होतं. माईंच्या सोसायटीला तिथं देऊळ हवं होतं. त्यांच्या मते तिथले जुने अवशेष म्हणजे महादेवाचा मठ. गयाबाईंची वस्ती म्हणे, भिक्खूंचा विहार. खोदकाम करणाऱ्या जिज्ञासा मॅडमनी दोघांनाही सांगून टाकलं होतं, "विटा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, पण कुणाच्या ते विटा सांगत नाहीत. एका ताम्रपटात भिक्षूंना दिलेल्या जमिनीची नोंद आहे. गावाचं नाव झिजलंय. हद्दीवर गधेगाळ रोवली, असं मात्र लिहिलंय. दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड. तो सापडला तर बोला."

दगड कुठं आहे, हे गावातल्या म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. शेंदराची पुटं चढून त्याचा म्हसोबा झाला होता आणि वस्ती त्याला कोंबडं द्यायची. छप्पन्न साली धम्म घेतला, तेव्हा गयाबाईंच्या बापानं, सोमानं, घरातल्या देवांबरोबर त्यालाही पहारीनं उपटून वस्तीच्या विहिरीत लोटलं. पोरीचा दंड धरून तो म्हणाला होता, "बघ नीट. आता कुठल्या धोंड्यापुढं वाकायचं नाही." पाण्याचा तो धबाका गयाबाईंच्या कानातून कधी गेलाच नाही.

विहीर उपसली. चेनपुलीला लटकून दगड वर आला, शेंदूर केव्हाच गळालेला. वर चंद्रसूर्य, खाली चित्रात कोरलेली शिवी: बाई आणि गाढव. माईंनी तोंड फिरवलं.

"शी! हेच का तुमचं पवित्र?"

मॅडम गुडघ्यांवर बसून अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. "भिक्षुसंघाला दिलेली भूमी," त्यांनी वाचलं. "विहाराचीच आहे."

वस्ती ओरडली. माई मागं हटल्या नाहीत. "मग शिवी सोमालाच लागली! त्यानंच उपटला ना?"

"टेकाडावरचे बाकीचे दगड कुठं गेले, माई?" गयाबाई थंडपणे म्हणाल्या. "तुमच्या सासऱ्यांच्या जोत्यात. हा विहिरीत होता म्हणून तुमच्या गवंड्याच्या हाती लागला नाही. शिवी कुणाला, ते घरी जाऊन जोत्याला विचारा."

माईंच्या सोबतची एक बाई तेवढ्यात कुंकवाची कोयरी घेऊन पुढं सरली. देव तो देव, असं पुटपुटत तिनं चिमूट उचलली. गयाबाईंनी तिचं मनगट धरून बाजूला सारलं.

मग त्यांचा मुलगा प्रमोद आला. हातात हार, मेणबत्त्या.

"तू पण मागं हो."

"आई, आता तर तो आपलाच निघाला!"

"आपला निघाला म्हणून पुजायचा? मग माझ्या बापानं टाकला कशाला?"

वस्तीतली माणसं कुजबुजू लागली. म्हातारी उलटली, कुणीतरी म्हणालं. माई पहिल्यांदाच खूश दिसल्या.

गयाबाईंनी हार घेतला, प्रमोदच्याच गळ्यात टाकला आणि ओल्या दगडाला पाठ लावून खाली बसल्या.